पाच एकर सोयाबीन, दोन एकर मका अन् न धुतलेला पंप

ओसरीच्या कोपऱ्यात ओल्या बारदान्याची एक गुंडाळी ठेवलीय, वरून प्लॅस्टिकची पिशवी, आणि त्यावर आईने पाट टाकलाय कारण मांजर नेमकं तिथंच येऊन बसतंय. आत सोयाबीनचे शंभर दाणे आहेत. दहा-दहाच्या दहा ओळी. आज तिसरा दिवस. उघडून बघावंसं लई वाटतंय पण आण्णा म्हणतात सारखं उघडून बघायला ती काय लग्नपत्रिका आहे का, सहाव्या दिवशी बघ. तर म्हटलं तोवर गेल्या खरिपाचं लिहून काढावं, नाहीतर एकदा मृग निघाला की लिहायला वेळ कुठला.

आमचं गाव औसा तालुक्यात, लातूर जिल्हा. जमीन सात एकर, तीन तुकड्यात. माळाची दोन एकर, तिथं बोअर आहे. मधली साडेतीन, काळी भारी. आणि ओढ्याकाठची दीड, जी चांगल्या वर्षी सगळ्यात जास्त पिकते आणि वाईट वर्षी सगळ्यात आधी जाते. आण्णांच्या तरुणपणी इथं ज्वारी, तूर, उडीद, मूग, करडई असायची. मग सोयाबीन आलं, जेएस ३३५ हे वाण १९९४ ला जबलपूरच्या कृषी विद्यापीठातून आलं आणि आमच्याकडे तर सोयाबीन म्हणजे तीनशे पस्तीस असंच झालं. शंभर दिवसात पीक हातात, पैसा दिवाळीच्या आत, मागं हरभरा. एवढं सोपं गणित दुसऱ्या कुठल्या पिकात नव्हतं म्हणून सगळा जिल्हा त्याच्यामागं गेला. आता पावसाळ्यात लातूरहून सोलापूर रोडने निघालात तर दोन्ही बाजूला एकच रंग दिसतो.

गेल्या वर्षी, म्हणजे २०२५ च्या खरिपात, मी पहिल्यांदा माळाच्या दोन एकरात सोयाबीन सोडून मका लावला. कारण साधं होतं, भाव. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्राने उसाच्या रसापासून इथेनॉल करायला बंधनं घातली, मग डिस्टिलऱ्या मक्याच्या मागं लागल्या आणि मका क्विंटलला २२००-२३०० च्या वर गेला. कोंबडीवाले एकीकडे ओरडत होते खाद्य महागलं म्हणून आणि मी दुसरीकडे मोबाईलवर भाव बघून खुश होत होतो. सोयाबीन हमीभावाच्या खाली पडलेलं, मका वर. म्हटलं चला. माझ्यासारखं अजून किती लाख लोकांनी त्याच उन्हाळ्यात "म्हटलं चला" म्हटलं ते पुढं कळालंच.

पण आधी बियाण्याचं, कारण आत्ता तेच डोक्यात आहे.

सोयाबीन हे सरळ वाण, त्यामुळे घरचं बी दोन-तीन वर्ष वापरता येतं. मक्याचं तसं नाही, तो हायब्रीड, दरवर्षी पिशवी विकत. हा फरक खिशाला फार जाणवतो. पण सोयाबीनच्या दाण्याची एक खोड आहे, त्याचं साल पातळ आणि अंकुर अगदी सालाच्या लगेच खाली. पोतं खांद्यावरून धप्पकन टाकलं, थप्पी उंच लावली, मळणीयंत्र जोरात फिरवलं की आतल्या आत मार लागतो आणि दाणा वरून ठणठणीत दिसतो. म्हणून बियाण्याची रास करताना ट्रॅक्टरवाल्याला मशीन हळू चालव म्हणून सांगावं लागतं आणि त्याला ते आवडत नाही कारण त्याला पुढच्या तीन शेतात जायचं असतं. आम्ही दरवर्षी त्याला दोनशे रुपये जास्तीचे देतो, भांडत नाही.

उगवण तपासायची पद्धत ही अशी ओसरीवरची. शंभर दाणे, ओला बारदाना, सहा दिवस. ७० च्या वर उगवले तर एकरी ३० किलो बी धरायचं. त्याच्या खाली आले तर तेवढं बी वाढवायचं, आणि ६० च्या खाली गेले तर ते बियाणं म्हणून वापरायचंच नाही, आडतीवर घालायचं. खर्च शून्य रुपये. आणि खरं सांगतो, आमच्या गावात अर्ध्याहून जास्त लोक हे करत नाहीत. मीही चार वर्षांपूर्वी नाही केलं. विकतच्या पिशव्या होत्या, म्हटलं कंपनीने तपासलंच असेल. तीन एकरात तास, म्हणजे पेरलेली ओळ, कुठं दिसतंय कुठं नाही, मधी मधी हातभर मोकळं. तक्रार केली, माणसं आली, बघून गेली, पेरणी खोल झाली म्हणाले. खोली तीन-चार सेंटिमीटरच्या वर जाऊ नये हे खरंच आहे आणि आमची थोडी खोल गेलीही असेल, पण शेजारच्या शेतात त्याच तिफणवाल्याने पेरलं होतं आणि ते चक्क उगवलं होतं. असो. दुबार पेरणी केली, आणि तेव्हापासून विकतची पिशवी असली तरी शंभर दाणे बारदान्यात जातात.

पेरणीची घाईसुद्धा एक रोगच आहे. २०२५ ला पाऊस मे महिन्यातच असा काही आला की लोकांना वाटलं मृगाची वाट बघायची गरजच नाही. काहींनी लगेच चाड्यावर मूठ धरली. आण्णा अडून बसले, ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस जूनमध्ये पडू दे, जमीन गार होऊ दे, मग. मी मनात चिडलो होतो. जूनमध्ये मधी उघडीप पडली तेव्हा ज्यांनी घाई केली त्यांची रोपं माना टाकून बसली आणि आण्णा काही बोलले नाहीत, फक्त चहा पिताना माझ्याकडे बघितलं.

मधल्या साडेतीन एकरापैकी दोन एकर बीबीएफवर पेरलं. रुंद वरंबा सरी. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, एका गादीवर चार तास आणि दोन्ही बाजूला सरी. पाऊस कमी झाला तर सरीत मुरलेलं पाणी कामी येतं, जास्त झाला तर सरीतून निघून जातं. बीसुद्धा कमी लागतं. साडेतीनच्या साडेतीन करायचं होतं पण गावात बीबीएफचं यंत्र एकच, नंबर लावावा लागतो आणि माझा नंबर यायच्या दुसऱ्या दिवशी पाऊस लागला, वापसा गेला, उरलेलं दीड एकर साध्या पेरणीयंत्राने सपाट पेरून टाकलं. त्यामुळे न ठरवता माझ्याच शेतात प्रयोग झाला. दोन एकर गादीवर, दीड सपाट, वाण तेच, खत तेच.

खताचं थोडक्यात. परभणीच्या विद्यापीठाची शिफारस सोयाबीनला हेक्टरी ३०:६०:३० किलो (नत्र, स्फुरद, पालाश) आणि वर २० किलो गंधक अशी आहे. लोक डीएपीच्या मागं लागतात आणि गंधक विसरतात. तेलबियाच्या पिकाला गंधक नको का? मी सिंगल सुपर फॉस्फेट घालतो, त्यात गंधक येतंच. मक्याचं उलटं, तो नत्राचा भस्म्या रोग झालेला गडी, कितीही युरिया द्या. युरियाची ४५ किलोची गोणी २६६ रुपये ५० पैशाला असते, कागदावर. दुकानात गेलं की त्याच्याबरोबर एक बाटली घ्या, एक पाकीट घ्या, नाहीतर माल संपला. याला लिंकिंग म्हणतात. आमच्या दुकानदाराला म्हटलं ही बाटली मला नको, तर म्हणाला मलाही नको होती दादा, वरून तशीच येते. माझ्या घरी आता अशा सहा बाटल्या आहेत. एक गोठ्यात दार उघडं राहावं म्हणून लावलीय.

बीजप्रक्रिया मात्र सोडत नाही. आधी बुरशीनाशक, मग कीटकनाशक, आणि सगळ्यात शेवटी, पेरायच्या आधी सावलीत, रायझोबियम, म्हणजे मुळाशी नत्र धरणारे जिवाणू. क्रम उलटा केला तर जिवाणू मरून जातात आणि तुम्ही नुसतं काळं पाणी लावलं असं होतं. पंधरा-वीस मिनिटाचं काम आहे आणि खोडमाशीचा अर्धा ताण तिथंच जातो.

आता कीड. सोयाबीनमध्ये मला सगळ्यात वाईट कीड विचाराल तर चक्रीभुंगा. कारण ती दिसत नाही. शेत लांबून हिरवंगार, आणि तुम्ही आत शिरून खाली बसलात तर एखाद्या झाडाच्या देठावर दोन गोल खाचा दिसतात, एकमेकींपासून बोटभर अंतरावर, कुणीतरी ब्लेडने वर्तुळ ओढल्यासारख्या. मादी त्या दोन चक्रांच्या मधी अंडं घालते. वरचा भाग सुकून जातो, अळी आतून खोड पोखरत खाली जाते. लोक फवारणी करतात कधी, तर शेंडे वाळायला लागल्यावर. तेव्हा अळी खोडाच्या आत बसलेली असते, तिला तुमच्या पंपाशी काय घेणं. पंचवीस-तीस दिवसाचं पीक असताना खाली बसून बघावं लागतं. खाली बसून, बांधावरून नाही. माझे गुडघे दुखतात पण बसतो.

आणि गोगलगाय. लातूर, बीड, धाराशिवच्या लोकांना २०२२ सांगायची गरज नाही. त्या जुलैत पेरणी उगवून दोन पानावर आली की सकाळी शेत रिकामं. पहिल्या दिवशी मला वाटलं हरणं आली. मग रात्री बॅटरी घेऊन गेलो आणि अंगावर काटा आला, जिथं उजेड मारीन तिथं शंख, तासाच्या तास चालत असल्यासारखे, आणि कान देऊन ऐकलं तर खाण्याचा बारीक करकर आवाज. आम्ही घरातले पाच जण, चुलत्याकडचे तीन, बादल्या घेऊन रोज संध्याकाळी वेचायचो आणि मिठाच्या पाण्यात टाकायचो. बांधाला गुळाच्या पाण्यात भिजवलेली पोती टाकायची, सकाळी त्याखाली गोळा झालेल्या असतात. मेटाल्डिहाइडच्या गोळ्याही टाकल्या पण गोळ्या महाग आणि पाऊस आला की गेल्या. बादल्यांनीच शेत वाचलं. पोरांनी पैज लावली होती कोण जास्त वेचतं, पुतण्याने एका रात्री तीन बादल्या भरल्या आणि नंतर आठ दिवस त्याला जेवण गेलं नाही.

मक्याची कीड म्हणजे अमेरिकन लष्करी अळी, दुसरं नाव नकोच. २०१८ च्या मे महिन्यात कर्नाटकात शिवमोग्ग्याकडं पहिल्यांदा सापडली आणि त्याच वर्षी आपल्याकडे आली. मक्यात ती पोंग्यात, म्हणजे शेंड्याच्या गुंडाळलेल्या पानांत बसते. पानांवर आधी पांढरे कागदासारखे पट्टे, मग भोकं, मग पोंग्यात ओला लाकडाचा भुसा भरल्यासारखं दिसतं, ती तिची विष्ठा. अळी हातावर घेऊन बघा, डोक्यावर उलटा इंग्रजी वाय आणि शेपटीकडे चार ठिपके चौकोनात. मी पहिल्या वर्षीचा मकावाला, मला वाटलं सोयाबीनसारखंच वरून फवारायचं. वरून फवारलेलं पानावरून ओघळून गेलं आणि अळी पोंग्यात निवांत. मग बांधाला बांध असलेल्या काकांनी दाखवलं, नोझल पोंग्याच्या तोंडावर धरायचा, एका झाडाला एक फुस्स, असं चालत जायचं. दोन एकरात एक अख्खी सकाळ गेली. त्यांनी स्वतः तर काही झाडांच्या पोंग्यात चिमूटभर कोरडी माती टाकली होती, हातानं. मी हसलो होतो. त्यांचा मका माझ्यापेक्षा बरा निघाला.

बरं आता पंपाची गोष्ट, जी मी दोन वेळा टाळली लिहायची.

मक्याला तणनाशक मारलं होतं, टेम्बोट्रायोन आणि अॅट्राझीन. काम झकास झालं, तण पांढरं पडून वाळलं. चार दिवसांनी सोयाबीनमध्ये उंटअळी दिसली म्हणून तोच पंप घेतला. धुतला होता का? धुतला होता म्हणजे पाणी घालून एकदा हलवलं आणि ओतलं, नळीतलं काढलं नाही, तळाशी राहिलेलं बघितलं नाही. संध्याकाळ होती, पाऊस भरून आला होता, घाई. तिसऱ्या दिवशी सपाट पेरलेल्या दीड एकराच्या कडेचे सहा तास शेंड्याला पांढरे, म्हणजे पिवळे पण नाही, दुधासारखे पांढरे. मला आधी वाटलं पिवळा मोझॅक हा विषाणूचा रोग आला, कारण २०२३ ला मोझॅकने आपल्याकडे आणि विदर्भात काय केलं ते डोक्यात बसलंय. फोटो काढून ग्रुपवर टाकला. दहा जणांनी दहा औषधं सांगितली. एकाने फक्त विचारलं, पंप कशाचा होता?

आण्णांना सांगायला दोन दिवस लावले. ते शेतात जाऊन बघून आले आणि म्हणाले, नवीन पंप आण, एक तणनाशकाला वेगळा ठेव, आणि त्याला लाल रंग दे. बस. एवढंच. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. जे तास पहिल्या पंपात आले तेवढेच गेले, बाकीचं वाचलं. लाल पंप आता गोठ्याच्या भिंतीला टांगलेला आहे. उलटंही लक्षात ठेवा, सोयाबीनमधलं तणनाशक इमाझेथापायर मक्यावर गेलं तर मका बसतो. एकाच शिवारात दोन्ही पिकं असली की वाऱ्याची दिशा बघूनच पंप उचलायचा.

आणि फवारताना तोंडाला रुमाल नाही, मास्क. २०१७ ला यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि मजूर गेले, ते बहुतेक कापसात होते पण औषधं तीच आणि हातही तेच. आमच्याकडे अजूनही चार-चार औषधं एका टाकीत घालून वर टॉनिक घालतात, त्याला कॉकटेल म्हणतात आणि अभिमानाने म्हणतात.

रानडुकरांचं नुसतं नाव काढतो. मक्याला कणसं भरायला लागली की त्यांना पत्रिका जाते. सोलरची झटका मशीन लावली, तारेखाली गवत वाढलं की करंट जमिनीत उतरतो म्हणून दर आठवड्याला तारेखालचं गवत काढावं लागतं हे कुणी विकताना सांगत नाही. पाच-सहा रात्री खाटेवर काढल्या.

सप्टेंबर आला. जेएस ३३५ काढणीला आलं, पानं गळाली, शेंगा तांबूस झाल्या, मजुरांशी एकरी गुत्ता ठरवला, आणि पाऊस सुरू झाला. २०२५ च्या सप्टेंबरचा शेवटचा आठवडा आमच्या चार-पाच जिल्ह्यातला कुणी विसरणार नाही. धाराशिव, सोलापूर, बीड, लातूर, सगळीकडे पाणी. ओढ्याकाठच्या दीड एकरात कमरेएवढं पाणी तीन दिवस, आणि पाणी उतरलं तेव्हा शेंगांना चिखलाचं कव्हर. तिथून एक कट्टा निघाला नाही. माती पण गेली काही ठिकाणी, खालचा मुरूम वर आला.

सपाट दीड एकरात पाणी साचून राहिलं, एकरी चार क्विंटल निघालं. गादीवरच्या दोन एकरात सरीतून पाणी निघत राहिलं, एकरी सात. चांगल्या वर्षी नऊ-दहा होतं, पण त्या वर्षी सात म्हणजे मला हंडाच सापडल्यासारखं झालं. शेजारच्यांनी फुले संगम लावलं होतं, केडीएस ७२६, ते उशिराचं, तेव्हा अजून हिरवं होतं म्हणून त्यांच्या शेंगांना मोड आले नाहीत. आमच्या काही शेंगांना झाडावरच कोंब फुटले होते. लवकरचं वाण चांगलं की उशिराचं, याचं उत्तर पाऊस कधी पडला त्यावर. आता दोन्ही थोडं थोडं लावायचं असं ठरवलंय. मशीनने काढायचं असेल तर परभणीचं एमएयूएस १६२ बघा, त्याच्या शेंगा जमिनीपासून जरा वर लागतात, हार्वेस्टरच्या पात्याखाली राहत नाहीत.

विम्याचं काय विचाराल तर २०२३ च्या खरिपापासून एक रुपयात विमा होता, २०२५ ला तो बंद झाला, परत दोन टक्के हप्ता आला, आणि शेतातल्या नुकसानीची ७२ तासात तक्रार करायची जी सोय होती ती गेली, त्या वर्षी पीक कापणी प्रयोगावर सगळं. नेमकं त्याच वर्षी ढगफुटी. मी हप्ता भरला होता. शेजारच्या काकांनी भरला नव्हता. सरकारी मदतीच्या यादीत दोघांचंही नाव आलं, त्यामुळे काका मला अजून हसतात.

भाव. २०२५ च्या खरिपाला सोयाबीनचा हमीभाव होता क्विंटलला ५३२८. मोंढ्यात माझ्या बऱ्या मालाला ४१०० आणि डागी मालाला ३२०० ची पट्टी झाली. खरेदी केंद्रावर का नाही घातलं म्हणाल तर ओलावा १२ टक्क्याच्या आत लागतो, आणि त्या ऑक्टोबरात आमच्याकडे माणसांच्या अंगातसुद्धा जास्त ओलावा होता. आदल्या वर्षी, २०२४ च्या मालाला, केंद्राने १५ टक्क्यांपर्यंत सूट दिली होती, पण त्या वर्षी आमच्या केंद्रावर बारदाना संपला. मी नोंदणी करून, ट्रॅक्टर भाड्याने करून, तिथं जाऊन परत आलेला माणूस आहे.

मक्याचा हमीभाव त्या वर्षी २४००. मला मिळाले १६००. आपण सगळ्यांनी मिळून एवढा मका लावला की डिस्टिलरीला आणि कोंबडीला मिळून खाता येईना.

आणि इथं ती गोष्ट आहे जी मला फार उशिरा कळाली. सोयाबीनला आपण तेलबिया म्हणतो पण शंभर किलोतून तेल निघतं अठरा किलोच्या आसपास, बाकी सगळी पेंड. म्हणजे सोयाबीनचा भाव बराचसा पेंडीवर, आणि पेंड खाते कोंबडी. आता मक्यापासून इथेनॉल केलं की जो चोथा राहतो, वाळवलेला, त्याला डीडीजीएस म्हणतात, त्यात प्रथिनं पेंडीपेक्षा कमी, पण पेंडीपेक्षा खूप स्वस्त. इथेनॉल वाढलं तसा हा चोथा बाजारात वाढला, खाद्यवाल्यांनी पेंड कमी करून तो घालायला सुरुवात केली. इंदूरची सोयाबीन प्रोसेसर्सची संघटना हे कधीपासून बोंबलतीय. म्हणजे मी सोयाबीनला भाव नाही म्हणून मका लावला, तो मका डिस्टिलरीत गेला, त्याचा चोथा कोंबडीच्या खाद्यात गेला आणि तिथं माझ्याच सोयाबीनच्या पेंडीला धक्का देऊन बाहेर काढलं. माळावरच्या माझ्या शेताने मधल्या शेताचा भाव पाडला. हे मी आण्णांना समजावून सांगितलं तेव्हा ते बराच वेळ गप्प बसले आणि म्हणाले, मग कोंबड्या पाळाव्या का?

तेलाचं राजकारण वेगळंच. सप्टेंबर २०२४ ला खाद्यतेलाचं आयात शुल्क वाढवलं, आम्ही खुश. मे २०२५ ला कच्च्या तेलावरचं परत कमी केलं, नेमकं पेरणीच्या तोंडावर. आणि २०२१ आठवतंय का? लातूरला सोयाबीन दहा हजारावर गेलं होतं, तेव्हा शेतकऱ्याच्या घरात किती होतं, चार कट्टे बियाण्याचे. त्याच ऑगस्टात १२ लाख टन जीएम, म्हणजे जनुकं बदललेल्या सोयाबीनची, पेंड बाहेरून आणायला परवानगी दिली आणि आमचा नवा माल येईपर्यंत भाव जवळपास निम्म्यावर. जीएम सोयाबीनचं बी आपल्याला लावायला बंदी, जीएम पेंड आणायला तेव्हा परवानगी. मी जीएमच्या बाजूचा पण नाही विरोधातला पण नाही, मला फक्त एकच नियम दोन्हीकडे हवा.

यूट्यूबवर आयोवातले व्हिडिओ बघतो मी, चोवीस-चोवीस ओळींचं पेरणीयंत्र, माणूस आत एसीत. तिकडचं एकरी उत्पन्न आपल्या तिप्पट, मान्य. पण माझ्या डोक्यात राहिली ती एक साधी गोष्ट, ते एक वर्ष मका आणि पुढच्या वर्षी त्याच रानात सोयाबीन घेतात, आलटून पालटून. आपण सोयाबीनवर सोयाबीन, वीस वर्ष. माळाच्या दोन एकरात यंदा सोयाबीन टाकणार आणि मधल्यातल्या दीड एकरात मका. भावाचं काय होईल ते होईल, रान तरी बदलेल. मका अर्ध्या एकराने कमी होईल पण सोडणार नाही, कारण त्यातला एक प्रकार गेल्या वर्षी चालला.

तो म्हणजे मुरघास, हिरवा मका कापून मुरवलेला चारा. दोन एकरातला एक एकर मी दाण्याला ठेवलाच नाही. तालुक्याच्या गावात गोठेवाला आहे, साठ-सत्तर गाई. कणसात दाणा चिकात आला की उभा मका घेऊन जातो, टनाला दोन हजार, कापणी त्याची, मशीन त्याची, ट्रॉली त्याची. सोळा टन निघाला, बत्तीस हजार. दुसऱ्या एकरातून दाणा निघाला एकोणीस क्विंटल, १६०० ने तीस हजार चारशे, त्यातून कणसं मोडायचे, मळणीचे, आणि पंधरा दिवस ताडपत्री ओढायची-काढायची ती मजुरी वेगळी. मका नीट वाळला नाही, ओलावा १४ च्या खाली गेला नाही तर बुरशी धरते आणि मग व्यापारी नुसता वास घेऊन भाव पाडतो. मुरघासाचं रान सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात मोकळं झालं होतं, म्हणजे ते पाणी आलं तेव्हा तिथं भिजायला काहीच नव्हतं. नशीब, दुसरं काही नाही. मी काही हवामानाचा अंदाज बघून दिलं नव्हतं, मला ट्रॅक्टरच्या हप्त्याला पैसे हवे होते.

तर हे लिहिता लिहिता तीन दिवस गेले. मधी लाईट नव्हती, मधी चुलतीच्या घरी बारसं होतं. आज सहावा दिवस.

सकाळी आईने पाट काढला, बारदाना अंगणात उलगडला. हे बी गादीवरच्या रानातलं, पावसात भिजलेलंच, बनीम, म्हणजे कापलेल्या पिकाचा ढीग, ताडपत्रीखाली आठ दिवस होती आणि खालचा थर गरम झाला होता. आई एकेक ओळ बोटाने मोजत गेली, मी वहीत लिहीत होतो. चांगल्या ओळीत आठ, नऊ. वाईट ओळीत चार. काही दाणे नुसते फुगून बुळबुळीत झालेले, त्यांना वास मारत होता. बेरीज चौसष्ट. मी परत मोजले, चौसष्टच.

सत्तरच्या खाली, साठच्या वर. एकरी अडीच-तीन किलो जास्त टाकावं लागेल. पण हा एका कट्ट्याचा नमुना झाला, असे चार कट्टे आहेत आणि कुठला थराच्या खालचा, कुठला वरचा, ते रास करताना लिहून ठेवलं नव्हतं. आईने बारदाना धुऊन तारेवर टाकलाय. दुपारी वाळला की दुसऱ्या कट्ट्यातले शंभर काढतो.